बेळगाव-खानापूर-निपाणीकडनं दुबईला शिकवायला निघालाय? मग आधी हे वाचून घ्या

बी.एड. झालं, एखाद्या इंग्लिश मीडियम शाळेत तुटपुंज्या पगारावर दोन-तीन वर्षं काढली, आणि मग कुणीतरी म्हणालं की दुबईला ट्राय कर की, तिकडं टीचरांना मागणी आहे. आमच्या भागातल्या बऱ्याच जणांची गोष्ट इथनंच सुरू होते, माझीपण तशीच झाली. आता मी परत बेळगावात आहे आणि अधनंमधनं कुणाची तरी वहिनी, कुणाचा तरी मेव्हणा ऑफर लेटरचा फोटो पाठवतो, "बघा की मॅडम जरा, बरोबर आहे काय?" म्हणून. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढलेलं बरं. हे सगळं युएईमधल्या म्हणजे दुबई-शारजाच्या भारतीय सीबीएसई शाळांबद्दल आहे. ओमान, कतार, मालदीवचे नियम वेगळे, ते तिथं राहिलेल्यांना विचारा.

एक आधीच सांगते. घरची आठवण येणार, ती कुणाला चुकलेली नाही. पण ती माणसाला लोळवते ती दोनच वेळेला, एक म्हणजे पगार-कागदाचं काहीतरी लटकलेलं असतं तेव्हा आणि दुसरं हातात मोकळा वेळ असतो आणि त्या वेळेचं काय करायचं ते ठरलेलं नसतं तेव्हा. म्हणून खाली निम्मं लिखाण कागद आणि पैशावरच आहे, कंटाळून सोडून देऊ नका.

पहिलं काम: नाव सगळीकडं एकच करून घ्या

हा खास आपल्या भागातला घोळ आहे. एसएसएलसीच्या (म्हणजे दहावीच्या) मार्क्स कार्डवर वडिलांचं नाव नुसतं इनिशियल, आधारवर पूर्ण नाव, जन्मदाखला कन्नडमध्ये आणि त्यावरनं कुणीतरी इंग्रजी केलेलं, डिग्रीवर आडनावात एक अक्षर जास्त. इथं तहसीलदार ऑफिसात, बँकेत हे चालून जातं, तिकडं प्रत्येक अक्षराला अडतं. एसएसएलसीचं कार्ड धरून चाला, पासपोर्ट त्याप्रमाणं आणि बाकीचं पासपोर्टप्रमाणं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा ठेवायची आपल्या राज्यात बऱ्याच जणांना सवय आहे, ते करू नका. नोव्हेंबर २०२२ पासून पासपोर्टवर एकच शब्दाचं नाव असलेल्यांना युएईच्या व्हिजिट व्हिसाला अडचण येते. नुकतं लग्न झालेलं असेल आणि नाव बदलायचं चाललं असेल तर एकतर पूर्ण बदला नाहीतर आहे तसं ठेवा, अर्धवट नको.

पासपोर्टसाठी बेळगावच्या पोस्टातलं सेवा केंद्र आहे, तिथं तारीख मिळत नसेल तर हुबळी. पोलीस क्लिअरन्स पण पासपोर्टच्याच पोर्टलवरनं निघतं.

दुसरं: डिग्रीचं अटेस्टेशन, आणि यात घाई चालत नाही

क्रम असा. डिग्रीवर आधी युनिव्हर्सिटीचं व्हेरिफिकेशन, मग राज्य सरकारचा शिक्का बेंगळुरूला, मग परराष्ट्र मंत्रालय, मग युएईची एम्बसी, आणि तिकडं पोचल्यावर किंवा शाळेमार्फत युएईच्या परराष्ट्र खात्याचा शेवटचा शिक्का. एक शिक्का राहिला की पुढचा मिळत नाही. राणी चन्नम्मा युनिव्हर्सिटी २०१० ला झाली, त्यामुळं त्याच्या आधी डिग्री घेतलेल्यांना धारवाडला कर्नाटक युनिव्हर्सिटीत जावं लागतं, नंतरच्यांनी आपल्या सर्टिफिकेटवर कुणाचं नाव आहे ते बघून ठरवायचं. प्रोव्हिजनल चालत नाही, कॉन्व्होकेशनचं सर्टिफिकेटच पाहिजे, आणि ते घ्यायचं कितीतरी जणांनी राहूनच गेलेलं असतं. आजच अर्ज टाका.

बेंगळुरूचं काम स्वतः करायचं असेल तर रात्रीची राणी चन्नम्मा एक्स्प्रेस पकडायची, सकाळी उतरायचं, काम करून रात्री परत. परराष्ट्र मंत्रालयाचं मात्र स्वतः जाऊन होत नाही, ते कागद थेट घेत नाहीत, त्यांनी नेमलेल्या एजन्सीमार्फतच जातात. एजंटला कागद देताना प्रत्येक कागदाची पावती घ्या आणि सगळं स्कॅन करून ठेवा.

आणि कृपा करून सर्टिफिकेट लॅमिनेट करू नका. आमच्याकडं मार्क्स कार्ड हातात आलं की वडील पहिल्यांदा लॅमिनेशनच्या दुकानात जातात, प्रेमानंच करतात, पण लॅमिनेशनवर शिक्का बसत नाही आणि काढायला गेलं तर कागदच फाटतो. मग डुप्लिकेट काढायचा नवा व्याप.

कुणी म्हणालं की अपोस्टिल (म्हणजे एका आंतरराष्ट्रीय करारातल्या देशांत चालणारा एकच शिक्का) केलं की झालं, तर ते ओमान-सौदीला चालेल, युएई त्या करारात नाही. तिकडं एम्बसीचाच शिक्का लागतो.

तिसरं: ऑफर लेटर वाचायचं कसं

सगळ्यात वरचा मोठा आकडा बघून पेढे वाटू नका. बेसिक किती ते बघा. घरभाडं, प्रवास असं करून एकूण ४,००० दिरहम लिहिलेलं असतं आणि बेसिक २,००० असतं. त्याचा फरक शेवटी कळतो, कारण नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी बेसिकवर मोजतात. वर्ष पूर्ण झाल्यावर पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षाला २१ दिवसांचं बेसिक, पुढं ३० दिवसांचं. म्हणजे २,००० बेसिकला वर्षाचे १,४०० दिरहम. बेसिक ३,००० असतं तर २,१०० झाले असते. एकूण पगार तोच, पण चार-पाच वर्षांनी हातात येणारी रक्कम दीडपट.

मग हे विचारा: राहायची जागा शाळा देते की भत्ता, वर्षाचं तिकीट आहे का आणि कुठपर्यंतचं, जुलै-ऑगस्टचा पगार मिळतो का. शेवटचं तर विचाराच, नव्या लोकांना पहिल्या सुट्टीत पगार देण्याबद्दल प्रत्येक शाळेचं वेगळं असतं. मेडिकल इन्शुरन्स मालकानं द्यायचा असतो, दुबई-अबुधाबीत आधीपासनंच आहे, २०२५ च्या जानेवारीपासून बाकीच्या अमिरातींत पण सक्तीचा झाला. प्रोबेशन सहा महिन्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही.

व्हिसाचा खर्च, भरतीचा खर्च मालकाचा, तिथला कायदाच तसा आहे. "व्हिसाचे दोन लाख भरा, पगारातनं सुटतील" म्हणणारा एजंट भेटला तर चहा पाजून वाटेला लावा. एजंटचं लायसन्स सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येतं. व्हिजिट व्हिसावर जाऊन मुलाखती देणं वेगळं, ते लोक करतात, पण व्हिजिटवर असताना वर्गात उभं राहायचं नाही, "दोन महिने असंच शिकवा, मग व्हिसा लावू" म्हणणाऱ्या शाळेत तर बिलकूल नाही. आणि पासपोर्ट तुमचा तुमच्याकडंच राहतो, तो ठेवून घ्यायचा मालकाला अधिकार नाही.

आपल्याकडचे बरेच जण दहावीपर्यंत मराठी मीडियमचे असतात आणि इंग्रजीचं टेन्शन घेतात. डेमो लेसनला तुमचं इंग्रजी किती फाड फाड आहे ते बघत नाहीत, पोरांना बोलतं करता का, फळ्यावर काम नीट आहे का, चाळीस मिनिटांत धडा पूर्ण बसतो का ते बघतात. दोन धडे आरशासमोर नको, भावंडांना समोर बसवून घ्या, ती खरी परीक्षा.

चौथं: बॅग, आणि खसखस

हे नीट वाचा, आईला पण वाचून दाखवा. युएईत खसखस बंदी आहे. थोडी, पुडीभर, मसाल्यातली, कशीही. ती अंमली पदार्थांच्या कायद्यात बसते आणि एअरपोर्टवर "आमच्याकडं घरोघरी खातात" हे सांगून सुटका होत नाही.

आता आपल्या घरात खसखस कुठं कुठं असते बघा. संकेश्वरी मिरची आणून, धने-खोबरं-तीळ भाजून कांडपावर नेतात त्या वर्षाच्या मसाल्यात असते. अनारशाला तर वरनंच लावलेली असते. मांड्याच्या सारणात बऱ्याच ठिकाणी घालतात. करदंट विकत घेतलं तर दुकानदाराला विचारून घ्या. त्यामुळं मसाला करायच्या वेळीच सांगायचं की माझ्या वाटचा खसखशीशिवाय वेगळा कांडून आण, आणि तोच डबा बॅगेत, त्यावर चिठ्ठी लावून. निघायच्या आदल्या रात्री मावशी, काकू, शेजारच्या वैनी पिशव्या आणून देतात ना, त्या एकेक उघडून बघायच्या. राग आला तर येऊ दे.

औषधांचं पण असंच, खोकल्याच्या आणि दुखण्याच्या काही गोळ्या-सिरपांवर तिकडं निर्बंध आहेत. नेहमीचं औषध असेल तर प्रिस्क्रिप्शन बरोबर ठेवा आणि आधी परवानगी लागते का ते तिथल्या आरोग्य खात्याच्या साइटवर बघा.

काय न्यायचं मग? शेंगाचटणी, कारळ्याची चटणी, संकेश्वरी तिखट, एक चांगला लोखंडी तवा, आणि कुंदा नेणार असाल तर पहिल्या आठवड्यात संपेल तेवढाच. ज्वारीचं पीठ नेऊ नका, वजन जातं, तिकडच्या मोठ्या दुकानांत मिळतं. दुबईतल्या करामा आणि मीना बाजार या भागांत तर पूजेच्या वातीपासून कढीपत्त्यापर्यंत सगळं मिळतं.

जाताना गोव्यावरनं थेट विमान मिळालं तर बघा, नाहीतर बेळगावच्या सांबरा विमानतळावरनं मुंबई किंवा हैदराबादला जाऊन पुढं. पावसाळ्यात गोव्याला जाणार असाल तर चोर्ला घाटासाठी दोन तास हाताशी जास्त ठेवा, तो रस्ता कधी काय करेल सांगता येत नाही.

पाचवं: पहिले काही आठवडे

मेडिकल होतं, रक्त आणि छातीचा एक्स-रे, मग एमिरेट्स आयडीसाठी (तिथलं ओळखपत्र) बोटांचे ठसे, मग बँक खातं. आयडी हातात येईपर्यंत बरंच अडतं, त्यामुळं पहिला पगार येईपर्यंत पुरतील एवढे पैसे जवळ ठेवा.

खोली. शाळेनं दिली तर पहिलं वर्ष डोळे झाकून तिथंच राहा, गैरसोय असली तरी. स्वतः बघायची असेल तर शारजात स्वस्त पडते, पण शाळा दुबईत आणि घर शारजात असलं की सकाळ-संध्याकाळ ट्रॅफिकमध्ये जीव जातो, मेट्रो शारजापर्यंत नाही. शाळेची बस टीचरांना पण नेत असेल तर कुठल्या भागापर्यंत जाते ते आधी विचारा आणि त्या रूटवरच खोली बघा. भाडं महिन्याला नसतं, वर्षाचं ठरवून चार-सहा चेकमध्ये देतात, म्हणून नवीन लोक शेअरिंगमध्येच राहतात. प्लायवूडचं पार्टिशन टाकून एका हॉलच्या तीन खोल्या केलेल्या असतात, स्वस्त असतं, पण ते बेकायदा आहे आणि तपासणी झाली की रातोरात बाहेर पडायची वेळ येते.

बारीकसारीक: मेट्रोत काही खाल्लं-प्यालं तर १०० दिरहम दंड, च्युइंगम पण धरून. रस्ता मन मानेल तिथनं ओलांडला तर ४००. खडे बाजारात गाड्यांच्या मधनं हात दाखवत जायची सवय असते आपल्याला, ती विमानात बसायच्या आधीच सोडा.

आणि ऊन. साडेसातशे मीटर उंचीवरच्या, मे महिन्यात पण संध्याकाळी गार वारा सुटणाऱ्या गावातनं आपण जातो. तिकडं जून ते सप्टेंबर दुपारी बाहेर पाऊल टाकवत नाही, आणि आत एसी इतका की शाळेत स्वेटर लागतो. स्वेटर न्या, हसू नका.

सहावं: शाळेत

पोरं मल्याळी, तमिळ, गुजराती, हैदराबादी, एका वर्गात सगळी. गुणी असतात, बोलकी असतात. पोरांना हात लावायचा नाही, कान धरणं, पट्टी, बाकावर उभं करणं काहीही नाही, यावर नोकरी जाते. पोरांचे फोटो आपल्या स्टेटसला नाहीत. धर्म, राजकारण, कुणाची टिंगल असलं काही फॉरवर्ड करायचं नाही, यात आपल्या सीमाप्रश्नाचे तापलेले मेसेज पण आले, ते बेळगावच्या ग्रुपात राहू देत.

लेसन प्लॅन, वह्या, ऑब्झर्वेशन, इन्स्पेक्शन हे इथल्यापेक्षा कितीतरी जास्त असतं. दुबईत केएचडीए नावाचं खातं शाळांवर नजर ठेवून असतं, इन्स्पेक्शनच्या आठवड्यात जुने टीचर पण घाबरलेले असतात, तेव्हा तुम्ही एकटेच घाबरलाय असं समजू नका. रमजानात शाळा छोटी होते, त्या दिवसांत सगळ्यांसमोर खाणं-पिणं टाळायचं, स्टाफरूममध्ये सोय असते.

ट्यूशनचा मोह होतो, पालक स्वतःहून विचारतात. परवाना न काढता शिकवणी घेणं बेकायदा आहे, पण डिसेंबर २०२३ पासून सरकार दोन वर्षांचा परवाना फुकट देतं, शाळेची ना-हरकत घेऊन अर्ज करता येतो. काढून घ्या. पैसे मिळतातच, शिवाय संध्याकाळ भरते, आणि संध्याकाळ भरणं किती महत्त्वाचं ते आता सांगते.

सातवं: घरची आठवण

सुरुवातीला काही वाटत नाही. नवीन शहर, नवीन पोरं, रात्री पडलं की झोप. मग एक दिवस काही कारण नसताना भाजीच्या दुकानात शेपूची जुडी हातात घेतली की घशाशी येतं. शेजारी कुणी ओळखीचं नसतं, आपण ट्रॉली ढकलत पुढं जातो. असं झालं तर आपलं काहीतरी बिघडलंय असं समजू नका, सगळ्यांचं होतं, पुरुषांचं पण, ते सांगत नाहीत एवढंच.

फोनचं आधी बघा. युएईत व्हॉट्सॲपवर मेसेज जातात पण कॉल लागत नाही. बोटिमसारखी परवानगी असलेली ॲप आहेत, झूम-गूगल मीट चालतं. निघायच्या आधी आईच्या फोनवर ते ॲप घालून, आयकॉन पहिल्या पानावर ठेवून, स्वतः घरातल्या घरात दुसऱ्या खोलीतनं कॉल लावून तिला उचलायला शिकवून या. तिकडनं फोनवर शिकवायला गेलात तर दोघी रडाल. व्हीपीएन वापरून पळवाटा काढायच्या भानगडीत पडू नका, तिथला कायदा त्याबाबत कडक आहे.

वेळेचं गणित: तिकडं आपल्यापेक्षा दीड तास मागं. तुम्ही जेवून-आवरून नऊला फोन घेता तेव्हा इकडं साडेदहा, खेड्यात घर झोपलेलं. शाळेतनं येऊन चहा घेऊन पाच-साडेपाचला लावा, इकडं साडेसहा-सात, दिवाबत्ती झालेली असते, सगळे घरात असतात. सातच्या पुढं आईचं अर्धं लक्ष सीरियलमध्ये असणार, ते गृहीत धरा. आणि रोज तासभर व्हिडिओ नको. पहिल्या महिन्यात घरच्यांना पण रोज बघायचं असतं, मग बोलायला काही उरत नाही, दोन्हीकडनं "आणि काय?" "काय नाही" सुरू होतं आणि फोन ठेवल्यावर जास्त वाईट वाटतं. आठवड्यातनं दोनदा नीट बोला, बाकी व्हॉइस मेसेज. आज्जीला दोन मिनिटांचा व्हॉइस मेसेज पाठवा, ती तो चारदा ऐकते, शेजारणीला ऐकवते.

शुक्रवार. २०२२ पासून तिकडं शनिवार-रविवार सुट्टी आणि शुक्रवारी अर्धी शाळा असते, शारजात तर शुक्रवार पण पूर्ण सुट्टी. घरची आठवण येते ती या शुक्रवारी दुपारीच. शाळा सुटलेली, रूममेट झोपलेल्या किंवा गेलेल्या, बाहेर ऊन, पडदे ओढून एसीत पडायचं आणि बेळगावच्या लोकांचे स्टेटस बघत बसायचं, संध्याकाळपर्यंत माणूस रडवेला होतो. त्यावर माझा उपाय असा की शुक्रवारची दुपार आधीच कुणाच्या तरी नावावर लिहून टाकायची. एका शुक्रवारी लायब्ररी, एका शुक्रवारी कुणाच्या घरी स्वयंपाक, एका शुक्रवारी करामात बाजार. ऊन उतरल्यावर क्रीकवरनं (खाडीवरनं) एक दिरहमच्या अब्रात, म्हणजे छोट्या होडीत, बसून पलीकडं देऱ्याला जायचं आणि परत यायचं, तेवढ्यानं पण डोकं हलकं होतं. मात्र ठरवायचं बुधवारी. शुक्रवारी दुपारी ठरवू म्हटलं की काहीच होत नाही.

माणसं. इथं आपल्या भागातल्यांचा एक फायदा आहे आणि तो कुणी वापरत नाही. महाराष्ट्र मंडळात गेलं की "अच्छा, कर्नाटकातल्या काय तुम्ही" म्हणतात, कन्नड लोकांच्या कार्यक्रमात गेलं की आपली कन्नड ऐकून "मराठीवाले" म्हणतात. पहिल्यांदा वाटतं आपण कुणाचेच नाही. अहो, दोन्हीकडं जायचं. दोन्हीकडं जेवण, दोन्हीकडं ओळखी, घर बघायचं असेल, गाडी पाहिजे असेल, आजारी पडलात तर दोन्हीकडनं माणसं येतात. तिकडं भेटलेला धारवाडचा, हुबळीचा माणूस गावाकडच्यासारखाच वाटतो, इकडचं भांडण तिकडं कुणाला सुचत पण नाही. मला करामातल्या एका दुकानात, कांद्याच्या ढिगापाशी, एक माणूस फोनवर "काय करायलास रे, जेवलास काय?" म्हणताना ऐकू आला आणि मी सरळ जाऊन विचारलं, बेळगाव काय? तो वडगावचा निघाला. पुढं त्याच्या बायकोनं आमच्या खोलीवर भाकरी बडवायला शिकवलं दोन मल्याळी पोरींना. लाजू नका, विचारा.

स्वयंपाक. दमून आल्यावर रोज बाहेरचं खायची सवय लागते, त्यानं पोट पण बिघडतं आणि मन पण. रोज नाही जमत, पण आठवड्यातनं दोनदा भाकरी, आमटी, भात करा, आणि एकट्यानं खाऊ नका. रूममेटचं सांबार, तुमची आमटी, असा वार लावून घेतला की खोलीचं घर व्हायला सुरुवात होते.

सण. दिवाळीत काहीतरी होतंच, गणपतीचं मात्र फार लागतं. सुट्टी जुलै-ऑगस्टची, म्हणजे आपण गावाला येतो ते धो धो पावसात, रोपलावणीच्या चिखलात, आणि गणपती तोंडावर आला की परत जायचं. २०२५ ला २७ ऑगस्टला चतुर्थी होती, शाळा त्याच आठवड्यात उघडल्या. २०२६ ला १४ सप्टेंबर. म्हणजे जवळजवळ दर वर्षी हुकतो. त्यामुळं तो तिकडंच साजरा करायची तयारी ठेवायची. मीना बाजारात मूर्ती, दूर्वा, मोदकाचा साचा सगळं मिळतं. मातीची छोटी मूर्ती घ्या, विसर्जन घरात बादलीत करा, क्रीकमध्ये किंवा समुद्रावर नको, आणि फटाके तर मुळीच नको, परवान्याशिवाय गुन्हा आहे. जेबेल अलीला २०२२ मध्ये मोठं मंदिर झालंय, तिथं जाता येतं. रात्री कपिलेश्वर तलावावरच्या विसर्जनाचं लाइव्ह कुणीतरी लावतंच, ते बघायचं असेल तर चार जणांत बसून बघा. शिवजयंतीच्या चित्ररथांचं पण तेच. एकट्यानं फोनवर बघाल तर रात्र खराब.

जुलैच्या तिकिटाचं लक्षात ठेवा, सगळ्या शाळा एकदम सुटतात आणि भाडं दुप्पट-तिप्पट होतं. फेब्रुवारी-मार्चमध्येच बुक करा. तारीख ठरली की निम्मी आठवण कमी होते हे मात्र खरं, भिंतीवर कॅलेंडर लावून ठेवा.

आणि एवढं सगळं करून पण दोन-दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, सकाळी शाळेला जायच्या नावानं छातीत धडधडतं असं असेल तर ती नुसती आठवण नाही. डॉक्टरकडं जा, इन्शुरन्समध्ये काय बसतं ते विचारा. भारतीय वकिलातीची तिथल्या भारतीयांसाठीची फुकट हेल्पलाइन ८००४६३४२ वर चोवीस तास कुणीतरी बोलायला असतं, नोकरीच्या तक्रारीला पण तोच नंबर. घरच्यांना सांगायची लाज वाटत असेल तर आधी बहिणीला सांगा.

आठवं: पैसे

तिकडं पगारावर इन्कम टॅक्स नाही. इकडचं साधं सेव्हिंग खातं एनआरओ (परदेशात राहणाऱ्याचं इकडच्या पैशासाठीचं खातं) करून घ्यायचं आणि पैसे पाठवायला एनआरई (तिकडच्या कमाईसाठीचं खातं) उघडायचं, या एनआरईच्या व्याजावर भारतात टॅक्स लागत नाही. दिरहम डॉलरला ३.६७२५ वर बांधलेला आहे, म्हणजे रुपया डॉलरपुढं घसरला की तुमच्या दिरहमचे जास्त रुपये येतात, तेवढं बघून पाठवा, पण भावासाठी महिनोन्‌महिने अडवून बसू नका.

प्रत्येक गोष्टीचे रुपये करायचं पहिल्या दिवसापासनं थांबवा. दीड दिरहमच्या कडक चहाचे रुपये केले की चहा पिववत नाही, आणि चहा नाही म्हणजे चार माणसांत बसणं नाही.

गावाकडनं मागणी सुरू होईल. कुणाचं घर, कुणाची फी, कुणाची भिशी. घरी महिन्याला किती पाठवणार ते निघायच्या आधी बाबांशी बोलून आकडा ठरवा, आणि बाकीच्यांना "बाबांना विचारा" म्हणा. यानं नाती टिकतात.

शेवटचं: परत यायची वेळ आली तर

हे जातानाच माहीत असलं पाहिजे. नोटीस लेखी द्या. शाळेकडनं अनुभवाचं सर्टिफिकेट घ्या, त्यावर कुठले विषय आणि कुठले वर्ग शिकवले ते लिहून घ्या, आणि तिथल्या परराष्ट्र खात्याचा शिक्का मारून घ्या, इकडं येऊन मागवायला गेलं की कुणी उत्तर देत नाही. ग्रॅच्युइटीचा हिशोब कागदावर बघून मगच सही करा. क्रेडिट कार्ड, लोन, मोबाइलचं बिल सगळं मिटवून बंद केल्याचं पत्र घ्या, थकबाकी राहिली तर पुढं व्हिसाला, प्रवासाला आडवी येते. भाड्याचे पुढच्या तारखेचे चेक परत मागा. व्हिसा कॅन्सल झाल्याचा कागद फोनमध्ये ठेवा. आणि तवा तिकडच्या नव्या पोरीला देऊन या.